दमेकऱ्याची सिगारेट

स्टेनोबाईंनी आयुष्यात दोनदाच ध चा मा केला, आणि त्यातला एक तर भरसभेत, हातात माइक धरून, पंधरा-वीस आंधळ्या माणसांसमोर. आंधळी हा शब्द त्या अंधांच्या मंडळातल्या लोकांचाच. बाहेरचा कुणी म्हणाला तर ते खपवून घेत नाहीत, आपसांत मात्र सर्रास चालतो. मंडळाचे अध्यक्ष टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त झालेले, जन्मापासून न बघणारे गृहस्थ. त्यांना सगळे ऑपरेटरकाका म्हणतात. ते तर नव्या माणसाचं स्वागतच असं करतात, "या, या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आमच्या अर्जावर अजून सही झालेली नाही, तोवर चहा घ्या."

स्टेनोबाई त्यांच्यातल्या नव्हेत. त्यांना उत्तम दिसतं. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात लघुलेखक म्हणून काढली. न्यायाधीश बोलतील, वकील ओरडतील, साक्षीदार अडखळेल, ते सगळं भराभर खुणांच्या लिपीत टिपायचं आणि मग टाइप करायचं. साक्षीदार "अं" म्हणाला तर कागदावरही "अं" यायचा. एकदा एका बड्या वकिलानं त्यांना लाडीगोडी लावून विचारलं, की माझ्या अशिलाच्या तोंडचा तो एक शब्द जरा मऊ करता येईल का. बाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो वकील पुढे कित्येक वर्षं त्यांना जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून वाट द्यायचा.

अशा बाईला घरी मात्र एक खोड होती. तिला गुप्तहेरांचे, खुनाच्या तपासाचे सिनेमे फार आवडत, आणि त्या सिनेमांत शेवटी गुन्हेगार सापडलाच पाहिजे असा तिचा हट्ट असे. दिवसभर कोर्टात भलताच सुटतो आणि भलताच आत जातो हे ऐकून तिचे कान किटलेले असत. तिकीट काढून पुन्हा तेच बघायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. तिचे यजमान घड्याळजी होते. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं एवढंसं दुकान, डोळ्याला कायम भिंग. सिनेमाला दोघं दर आठवड्याला जोडीनं जात आणि दर आठवड्याला भांडत परत येत. घड्याळजींना काळेकुट्ट शेवट आवडायचे.

"अगं, ज्या पिक्चरमध्ये खुनी सापडतो तो पिक्चर थेटरातच संपतो," ते म्हणायचे. "खुनी सुटला की तो आपल्याबरोबर घरी येतो."

"घरी आणू नका. दोनच खोल्या आहेत," स्टेनोबाई म्हणायच्या.

असा त्यांचा संसार चालला होता. मूलबाळ नव्हतं, त्याची खंत जुनी होऊन बसली होती. बाई निवृत्त झाल्या. आणि मग घड्याळजींचे डोळे गेले. काचबिंदूनं बरीच वर्षं आधीपासून कुरतडायला घेतलं होतं. "भिंगाची काच खराब झालीय" म्हणत त्यांनी अंगावर काढलं, आणि ऑपरेशन झालं तेव्हा उशीर झालेला होता. पट्टी सुटली त्या दिवशी नर्स त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती, आणि डॉक्टरांनी बाईंना एकट्यांना आतल्या खोलीत बोलावलं. तिथं त्यांनी सांगितलं, की नजर गेली, ती परत येणार नाही. बाई ते ऐकून बाहेर आल्या. बाकावर घड्याळजी तोंड वर करून बसले होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. बाईंचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "वेळ लागेल म्हणाले. धीर धरला तर डाव्या डोळ्याला दिसेल."

झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवसांनी सांगू, जरा सावरले की सांगू, असं करता करता सात-आठ महिने गेले. घड्याळजी रोज सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून डावा डोळा उजेडाकडे धरून बसत. "आज जरा उजळ वाटतंय, नाही का गं?" असं विचारत, आणि बाई भाजी चिरता चिरता "वाटतंय" म्हणत. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक ताई होत्या, त्या आपणहून दोनदा घरी येऊन गेल्या. घड्याळजींनी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं. नजर परत येणारच आहे, तर काठी कशाला? दुकानाला कुलूप होतं. ते स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घेत नव्हते, कारण आज-उद्या दिसायला लागणाऱ्या माणसानं माठ कुठं आहे ते चाचपडत कशाला शिकायचं? बाईंना हे सगळं दिसत होतं. दिसत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

मंडळात त्या पहिल्यांदा गेल्या त्या अशा माणसाबरोबर कसं राहायचं ते विचारायला. ऑपरेटरकाकांनी त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना कामालाच लावलं. दर रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा लागे. म्हणजे एक टीव्ही, दोन मोठे स्पीकर, आणि ज्याची जशी बसेल तशी खुर्ची. निम्म्या लोकांची पाठ पडद्याकडे. संवाद त्यांना ऐकू येतच. मधल्या शांततेत पडद्यावर काय चाललंय ते कुणीतरी माइकवरून सांगायला हवं होतं. आधीचे एक मास्तर सांगता सांगता डुलकी काढत. स्टेनोबाई शनिवारी सिनेमा घरी आधी एकदा बघून घेत, कुठं किती उसंत मिळते ते हेरून खुणांच्या लिपीत वाक्यं लिहून आणत, आणि एकाही पात्राच्या बोलण्यावर पाय न देता नेमकं सांगत. मंडळी खूश झाली. सिनेमे बहुतेक तपासाचे, खुनाचेच असत. हॉस्पिटलात मालिश करणाऱ्या मावशी मंडळात होत्या, त्यांनी त्याचं कारण एकदा सांगून टाकलं, "प्रेमाच्या पिक्चरमध्ये नुसते एकमेकांकडे बघत बसतात मेले. आपण काय करायचं? खुनात निदान दारं तरी वाजतात."

घड्याळजी मात्र मंडळात पाऊल टाकायला तयार नव्हते. "तिथं आंधळे असतात," ते म्हणायचे. "मी कशाला?"

पण घरात बसून माणूस किती दिवस नुसता उजेड शोधणार? एका रविवारी बाई निघाल्या तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय लावताय?" बाईंनी सांगितलं, एक पोलीस तपासाचा आहे, तुम्ही बघितलेला नाही. घड्याळजींनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "बूट दे."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या चपला उलट्या पायांत घातल्या. आनंदाच्या भरात त्यांनी एका गोष्टीचा विचार केला नाही. सिनेमा त्यांनी आदल्या दिवशी बघितला होता, त्याचा शेवट त्यांना ठाऊक होता, आणि तो शेवट घड्याळजींच्या जुन्या आवडीइतकाच काळा होता.

गोष्ट अशी होती. एक तरुण इन्स्पेक्टर. तो पोरका असताना ज्यांनी त्याला घरी आणलं, शिकवलं, खात्यात लावलं, ते मोठे साहेब. या साहेबांना दमा. पडद्यावर ते आले की आधी त्यांचा शिट्टीसारखा वाजणारा श्वास ऐकू यायचा, आणि दोन पायऱ्या चढले की सगळा हॉल त्यांच्याबरोबर धापा टाकायचा. एका शिक्षिकेचा खून होतो. शाळेचा माळी पकडला जातो, त्याला जन्मठेप लागते. इन्स्पेक्टरला वाटतं माळी निर्दोष आहे. तो एक एक धागा धरत जातो, आणि तो धागा शेवटी मोठ्या साहेबांच्याच दाराशी जातो. पुरावा म्हणून एकच फोटो आहे आणि तो इन्स्पेक्टरच्या खिशात आहे. इथून पुढची चार-पाच मिनिटं पडद्यावर कुणी एक शब्दही बोलत नाही. म्हणजे तो सगळा शेवट स्टेनोबाईंच्या तोंडात.

खरा शेवट असा, की इन्स्पेक्टर साहेबांच्या समोर उभा राहतो, खिशातून फोटो काढतो, काडी ओढतो आणि फोटो जाळून टाकतो. गाडीत बसून निघून जातो. मग तुरुंगाचं दार दिसतं. माळ्याची बायको नवऱ्याला भेटून बाहेर येते, मागे दार लागतं, आणि ती एकटी रस्त्यानं चालत जाते. संपला.

हे सगळं बाईंच्या हातातल्या कागदावर बिनचूक लिहिलेलं होतं. त्यांनी वाचायला तोंड उघडलं आणि नजर पुढच्या रांगेत गेली. घड्याळजी खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ किंचित उघडे, आणि चेहऱ्यावर ते पूर्वीचं भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघतानाचं कुतूहल. इतक्या महिन्यांत बाईंनी तो चेहरा बघितला नव्हता. या चेहऱ्याला आता काय सांगायचं? की जो निर्दोष होता तो अंधारातच राहिला, आणि त्याचं कुणी काही करू शकलं नाही? पडद्यावर काडी खर्रकन ओढली गेली.

"साहेबांनी सिगारेट पेटवली," बाई म्हणाल्या.

आणि एकदा घसरलेला पाय घसरतच गेला. "त्यांनी हात पुढे केले. इन्स्पेक्टरनं त्यांना बेड्या घातल्या. दोघं गाडीत बसले." गाडीचा आवाज. मग लोखंडी दार. "तुरुंगाचं दार उघडलं. माळी बाहेर आला. त्याची बायको धावत त्याच्याकडे चालली आहे." आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच चारचौघांसमोर आपल्या मनचं काही रचलं होतं, आणि संगीत संपलं तेव्हा त्यांना घाम फुटला होता. घड्याळजी टाळ्या वाजवत होते. "सापडला लेकाचा," ते शेजारच्याला म्हणाले.

मंडळात सिनेमा संपला की चहा येतो आणि चर्चा होते. चर्चा म्हणजे भांडण. त्या दिवशी मात्र नुसते कप वाजत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी बाईंची गत झाली होती. शेवटी ऑपरेटरकाका खाकरले.

"बाई, एक शंका आहे. काडी ओढली ती साहेबांनी?"

"हो."

"सिगारेटसाठी?"

"हो."

"दोन तास त्या माणसाचा श्वास ऐकून आमचे जीव वरखाली झाले, आणि बेड्या पडायच्या वेळी हा गडी धूर काढतोय?"

"शेवटची इच्छा असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉलभर खसखस पिकली. पण मावशी हसल्या नाहीत.

"बेड्या वाजल्या कुठं?" त्यांनी विचारलं. "आणि दार उघडलं म्हणालात. उघडल्याचा आवाज वेगळा असतो, हा लागल्याचा होता. पुढं चपला वाजल्या त्या एकाच बाईच्या. पाय ओढत चालणाऱ्या. दिवसभर मी लोकांच्या पायांनाच हात लावते, बाई. नवरा सुटल्यावर कुणी असं चालत नाही."

बघा, इतकी वर्षं खुनाचे तपास ऐकून ऐकून ही माणसं तयार झाली होती, आणि त्यांना पहिला गुन्हेगार सापडला तो माइकवाली बाई. स्टेनोबाईंनी कोर्टात शेकडो उलटतपासण्या लिहून घेतल्या होत्या. साक्षीदार कुठल्या प्रश्नाला मोडतो ते त्यांना पाठ होतं. त्या मावशींच्या प्रश्नांना मोडल्या.

"मी बदलला शेवट," त्या म्हणाल्या. "फार वाईट होता. मला सांगवेना." आणि मग त्यांनी खरा शेवट दोन वाक्यांत सांगितला.

कुणी रागावलं नाही. ऑपरेटरकाकांनी कप खाली ठेवला आणि नेहमीचा चेष्टेचा सूर टाकून म्हणाले, "बाई, आम्हाला हात धरून रस्ता ओलांडून देणारे पुष्कळ भेटतात. खड्डा आहे तिथं खड्डा आहे म्हणणारं माणूस आम्हाला हवं असतं. तुम्ही ते होतात म्हणून तुम्हाला घेतलं."

घड्याळजी चहा तसाच ठेवून उठले. घरी जाताना त्यांनी बाईंचा दंड धरला, कारण धरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण एरवी ते धरत तसा नाही. बसमध्ये दांडी धरावी तसा धरला. घरात शिरून ते आपल्या खुर्चीत बसले. खिडकीबाहेर अजून ऊन होतं.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं ना तुम्हाला."

"ते तू सांगितलेलं. त्यांनी काय सांगितलं ते विचारतोय. कोर्टात लिहायचीस तसं सांग. शब्दन् शब्द."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी ती वाक्यं कितीदा मनात वाचली होती, आणि एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. त्या म्हणाल्या, "'बसा. हे बघा, नजर परत येणार नाही. दोन्ही डोळ्यांची. उजेड आहे की अंधार, इतकं कदाचित उजव्याला कळत राहील. डाव्याला तेही नाही. खोटी आशा देऊ नका. अं... त्यांना वाट बघायला लावू नका, शिकायला लावा. जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं सोपं जाईल.' मग मी रडले. मग ते म्हणाले, 'पाणी घ्या.'"

"डाव्याला उजेडही नाही."

"नाही."

"आणि मी रोज सकाळी डावा डोळा धरून बसतोय." घड्याळजींचा आवाज चढला. "अगं, मी इथं फलाटावर बसून गाडीची वाट बघत होतो, आणि तुला माहीत होतं रूळच उखडलेत! वर रोज विचारत होतो, उजळ वाटतंय का, आणि तू... तू हो म्हणत होतीस?"

"तुम्ही खचाल असं वाटलं."

"मग आता काय झालोय?"

बाई रडत स्वयंपाकघरात गेल्या, आणि घड्याळजी खुर्चीत बसून राहिले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. घड्याळजी जेवत, पण बोलत नसत. बाई "पाणी हवं का?" विचारत, तर ते आधी थोडं थांबत, जणू हा प्रश्नसुद्धा खरा आहे की बनवलेला ते तपासून घेत. बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. त्यांना त्या सिनेमातला इन्स्पेक्टर सारखा आठवे. त्याला जाळायचा होता तो फोटो, पण दार लागलं ते माळ्याच्या बायकोच्या मागे. त्यानंही प्रेमापोटीच केलं होतं. आपण त्याला किती शिव्या दिल्या, बाईंच्या मनात आलं, आणि केलं ते त्याच्याहून काय वेगळं केलं? आता खरं बोलूनही हे माणूस हातचं गेलं तर?

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून खळ्कन आवाज आला. बाई बाहेर कपडे वाळत घालत होत्या, त्या धावत आल्या. घड्याळजी अनवाणी ओट्यापाशी उभे होते. गॅस पेटवलेला, त्यावर भांडं, चहा करायला निघालेली स्वारी, आणि कपाचे तुकडे सगळ्या फरशीवर.

"हलू नका, मी आले," बाई ओरडल्या.

"तू येऊ नकोस," ते म्हणाले. "तिथंच थांब. कुठं कुठं उडालेत तेवढं सांग."

"अहो, पायात जाईल."

"सांगतेस की मी असाच चालू?"

बाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला, आणि माइकवर बोलत तशा आवाजात बोलायला सुरुवात केली. "डाव्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर पुढे एक मोठा आहे. कानाचा. उजवीकडे तीन बारीक, त्यातला एक तुमच्या टाचेमागे. टाच मागे घेऊ नका. आता खाली बसा. हात पुढे. अजून. थोडा डावीकडे. हां, तोच. धार वर आहे."

घड्याळजींनी एक एक तुकडा उचलून तळहातावर ठेवला. केसाएवढ्या स्प्रिंगा उचलणारी बोटं ती, त्यांना सवय होती. शेवटी त्यांनी विचारलं, "झाले सगळे?"

बाईंनी वाकून पाहिलं. "नाही. एक ओट्याखाली गेलाय. तो तुमच्या हाताला येणार नाही, मी काढते."

"काढ," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "चहा उतू जातोय बहुतेक. वास येतोय." आणि खरंच जात होता.

त्याच दिवशी त्यांनी स्वतः चाचपडत फोनच्या आकड्यांवरून बोटं फिरवली आणि ऑपरेटरकाकांना फोन लावला. पहिला लागला तो कुठल्या तरी लॉन्ड्रीला, दुसरा बरोबर लागला. रविवारी तोच सिनेमा पुन्हा लावा, खऱ्या शेवटासकट, असं त्यांनी सांगितलं. आणि त्या काठीवाल्या ताईंना म्हणावं, अजून राग नसेल तर या.

रविवारी हॉल भरला होता. बाईंनी अख्खा सिनेमा सांगितला, आणि शेवट आला तेव्हा कागद मांडीवर उलटा ठेवला. आता त्यांना तो बघण्याची गरज नव्हती. "इन्स्पेक्टर फोटो बाहेर काढतो. साहेब बघतात. इन्स्पेक्टर काडी ओढतो." त्यांचा आवाज एकदाच कापला, माळ्याची बायको चालायला लागली तेव्हा. "ती मागे वळून बघत नाही. रस्ता लांबपर्यंत मोकळा आहे. तिच्याबरोबर कुणी नाही." चपलांचा आवाज हळूहळू विरत गेला.

त्यानंतर जी भांडणं जुंपली ती विचारू नका. एकजण म्हणाला, सांभाळणाऱ्या बापाला कोण तुरुंगात धाडेल, मीही फोटो जाळला असता. मावशी कडाडल्या, मग माळ्यालाही कुणी तरी सांभाळलं असेलच की. ऑपरेटरकाकांचं मत पडलं की इन्स्पेक्टरनं साहेबांना वाचवलंच नाही, साहेब चांगले होते हा स्वतःचा समज वाचवला. घड्याळजी बराच वेळ ऐकत होते. मग ते बोलले, आणि मंडळाच्या चर्चेत ते पहिल्यांदाच बोलत होते म्हणून सगळे गप्प झाले.

"वाईट शेवट ऐकला की बरं वाटतं असं नाही," ते म्हणाले. "पण ऐकल्यावर उठता येतं. मागच्या वेळी मी टाळ्या वाजवून घरी गेलो आणि खुर्चीत बसलो. त्या माळ्याच्या बायकोला बघा. नवरा सुटणार नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती चालतेय तरी." एवढं बोलून ते थांबले, आणि मग घाईघाईनं म्हणाले, "चहा गार होतोय."

काठी काही दोन दिवसांत वळली नाही. पहिले काही आठवडे घड्याळजींनी वाटेतल्या प्रत्येक खांबाला, सायकलीला आणि एकदा एका पोलिसाला काठी मारली. शिव्या देत घरी यायचे. पण यायचे ते बाहेरून, आणि संध्याकाळी पुन्हा जायचे. दुकानाचं कुलूप त्यांनी काढलं. मनगटी घड्याळांचं काम आता जमणार नव्हतं. भिंतीवरची मोठी घड्याळं मात्र बोटांनी उलगडता येतात असं त्यांच्या ध्यानात आलं. पहिलं घड्याळ त्यांनी जोडलं तेव्हा एक चाक जास्त उरलं. "चालतंय ना?" ते म्हणाले, आणि घड्याळ चालत होतं खरं.

एका संध्याकाळी दोघं मंडळातून परतत होते. त्या दिवशीच्या सिनेमात खुनी सापडला होता आणि घड्याळजींना तो शेवट अगदीच बाळबोध वाटला होता, त्यामुळे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दमून ते रस्त्याकडेच्या बाकावर बसले. ते काठीची मूठ चोळत होते, बाई पायातली चप्पल सैल करत होत्या.

"एक सांग," घड्याळजी म्हणाले. "तुझा चेहरा कसा झालाय आता?"

"हे काय मध्येच?"

"माझ्याकडचा जुना झालाय. नवा सांग. पण बदलू नकोस काही."

बाई जरा लाजल्या, या वयात. मग समोरच्या बंद दुकानाच्या काचेत त्यांनी स्वतःला नीट पाहिलं.

"केस पांढरे झालेत."

"कानांपाशी?"

"सगळे. कपाळावर तीन आठ्या आहेत, मधली खोल आहे. गाल उतरलेत. हनुवटीवर एक केस येतो, तो मी उपटते. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. या वर्षात जास्त."

"माझ्यामुळे?"

सोपं उत्तर बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बऱ्याचशा तुमच्यामुळे. थोड्या माझ्या मला."

"आणि नाक?"

"नाक होतं तसंच आहे."

"अरेरे," घड्याळजी म्हणाले, आणि बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की रस्त्यानं जाणारं माणूस वळून बघायला लागलं. घड्याळजींनी मान तिरकी करून ते हसणं पुरतं ऐकून घेतलं.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलीस."